अडत दुकानाच्या पट्टीपासून डेटाबेसपर्यंत: व्यवसायाचे सॉफ्टवेअर लिहायला कसे शिकावे

व्यवसायासाठी लागणारे सॉफ्टवेअर आपण स्वतः लिहावे असे ज्यांना वाटते, त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: कोणती भाषा शिकू? पायथन, जावा, सी शार्प, पीएचपी ही नावे ऐकलेली असतात, प्रत्येक नावामागे एखादा आग्रही मित्र असतो, आणि निवड करण्यातच महिना-दोन महिने निघून जातात. या लेखातील सल्ल्याचा क्रम वेगळा आहे. आधी एक खरा व्यवसाय निवडावा, त्याच्या रोजच्या कागदांवरून तक्ते मांडायला शिकावे, त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्यापुरते एसक्यूएल पक्के करावे आणि मग भाषेला हात घालावा.

या क्रमाला इतिहासाचा आधार आहे. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली. त्याच कंपनीत १९७४ च्या सुमारास चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारणारी भाषा तयार केली, आणि १९८६ मध्ये ती एसक्यूएल या नावाने प्रमाणित झाली. आज ती शिकणारा माणूस मुळात तीच मांडणी शिकत असतो. या काळात प्रोग्रॅमिंगच्या भाषा मात्र किती आल्या आणि गेल्या! नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या दुकानांचे आणि संस्थांचे हिशोब फॉक्सप्रोवर मोठ्या प्रमाणात होत असत. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्सप्रो विकत घेतले, २००४ मध्ये त्याची शेवटची मोठी आवृत्ती काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याच्या दुरुस्त्या आणि मदत पूर्णपणे थांबवली. ज्यांनी केवळ फॉक्सप्रोच्या आज्ञा पाठ केल्या होत्या ते अडकले. ज्यांना खतावणीचे, म्हणजे खात्यांच्या वहीचे, तक्ते कसे मांडायचे हे कळले होते, ते दुसऱ्या भाषेत सहज गेले.

व्यवसाय निवडणे आणि कागद गोळा करणे

सरावासाठी पुस्तकातील ‘विद्यार्थी आणि त्यांचे गुण’ हे उदाहरण घेऊ नये. त्यात कोणी भांडत नाही, कोणाची बाकी राहत नाही आणि कोणी माल परत नेत नाही. व्यवसायाच्या सॉफ्टवेअरची सगळी अडचण तर नेमकी तिथेच असते. आपल्या ओळखीतील, जिथे दोन-चार दिवस बसू देतील असा व्यवसाय घ्यावा. या लेखापुरते आपण सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे अडत दुकान, म्हणजे शेतकऱ्याचा माल त्याच्या वतीने विकून देणारे दुकान, घेऊ. सांगलीची हळदीची बाजारपेठ देशभर परिचित आहे, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे अडतीच्या व्यवहारात डेटाबेसचे बहुतेक सगळे धडे सापडतात.

व्यवहार थोडक्यात असा असतो. शेतकरी पोत्यांतून हळद आणतो, दुकानात त्याचा लॉट लागतो, सौद्याच्या वेळी खरेदीदार बोली लावतात, ज्याची बोली वर जाते त्याला माल सुटतो, वजन होते, अडत्या शेतकऱ्याला हिशोबाची पट्टी करून देतो आणि खरेदीदाराच्या नावे बिल टाकतो. एवढे ऐकून घरी जाऊन तक्ते काढायला बसू नये. सौद्याची वही, वजनाची चिठ्ठी, पट्टी, खरेदीदाराचे बिल आणि खतावणीचे एक पान यांचे, मालकाच्या परवानगीने आणि नावे झाकून, फोटो घ्यावेत. मग दुकानाच्या दिवाणजींसोबत सौद्याचा एक पूर्ण दिवस बसावे. त्यांना “तुम्हाला सॉफ्टवेअरमध्ये काय हवे?” असे विचारून फारसे हाती लागत नाही. “शेवटचा वाद कशावरून झाला?” असे विचारावे. उत्तरात एकाच लॉटचे दोन खरेदीदार, सौदा झाल्यावर फिरलेला दर, दर पसंत नाही म्हणून परत नेलेला माल, मुलाच्या नावे मागितलेली पट्टी, अशा गोष्टी निघतात. त्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवाव्यात, कारण पुढे आपली रचना तपासण्यासाठी याहून चांगली प्रश्नपत्रिका मिळणार नाही.

पट्टीचे तक्ते करणे

हा भाग या लेखात सर्वांत मोठा आहे आणि शिकण्यातही सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. संगणक बंद ठेवावा, कोरे कागद आणि पेन्सिल घ्यावी.

नवशिक्या माणूस पट्टीसारखाच दिसणारा एक लांबलचक तक्ता करतो: तारीख, शेतकऱ्याचे नाव, गाव, पोती, वजन, दर, खरेदीदार, हमाली, तोलाई, उचल, निव्वळ रक्कम. एक्सेलमध्ये असे चालूनही जाते. पण पुढील उदाहरण पाहा. आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. एका शेतकऱ्याने वीस पोती आणली. त्यांपैकी बारा पोती, म्हणजे ६ क्विंटल २४ किलो, एका खरेदीदाराने क्विंटलला १४,००० रुपयांनी घेतली आणि उरलेली आठ पोती, म्हणजे ४ क्विंटल १६ किलो, दुसऱ्याने १३,६०० रुपयांनी घेतली. पहिल्या सौद्याचे ८७,३६० रुपये होतात, दुसऱ्याचे ५६,५७६, आणि एकूण १,४३,९३६. आता त्या एका लांब ओळीत दर कोणता लिहायचा आणि खरेदीदार कोणता? काही जण ‘दर १’ आणि ‘दर २’ असे दोन रकाने करतात. मग तिसरा खरेदीदार येतो.

उपाय असा की ज्या वस्तूचे अस्तित्व स्वतंत्र आहे तिला स्वतंत्र तक्ता द्यावा. शेतकऱ्यांचा एक तक्ता, खरेदीदारांचा एक, आवकेचा एक आणि सौद्यांचा एक. आवकेच्या ओळीत शेतकऱ्याचे नाव लिहू नये, त्याचा क्रमांक लिहावा. सौद्याच्या ओळीत लॉटचा आणि खरेदीदाराचा क्रमांक लिहावा. वरच्या उदाहरणात आवकेची एक ओळ होईल आणि तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या सौद्याच्या दोन ओळी होतील. तीन खरेदीदार आले तर तिसरी ओळ पडेल, तक्ता मात्र बदलणार नाही. वजनही सौद्याच्या ओळीत एकच बेरीज म्हणून न ठेवता, काट्यावर जितक्या वेळा वजन झाले तितक्या ओळींचा वेगळा तक्ता केलेला बरा, कारण वाद झाला की शेतकरी बेरीज मान्य करत नाही, चिठ्ठी मागतो.

शेतकऱ्याचा क्रमांक हा आपण दिलेला, आतल्या वापराचा असावा. नाव ही ओळख म्हणून वापरता येत नाही. एका गावात एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे तीन पाटील निघतात. मोबाइल नंबर बदलतो, बापलेकांचा एकच असतो. पट्टीचा छापील नंबरही ओळ ओळखण्यासाठी वापरू नये, कारण १ एप्रिलला तो पुन्हा एकपासून सुरू होतो. तो छापण्यासाठी वेगळ्या रकान्यात ठेवावा आणि आर्थिक वर्षासोबत मिळून एकमेव असण्याची अट त्याला घालावी.

खर्चाची बाब अधिक विचार करायला लावते. हमाली, तोलाई, भाडे, अडत यांना एकेक रकाना देण्याऐवजी ‘खर्चाचे प्रकार’ असा एक तक्ता आणि ‘पट्टीवरील खर्च’ असा दुसरा तक्ता करावा. कोणता खर्च शेतकऱ्याकडून घ्यायचा आणि कोणता खरेदीदाराकडून, हे शेतमाल आणि बाजार समितीचे नियम पाहून ठरते आणि ते नियम बदलतात. म्हणून ते प्रोग्रॅममध्ये गाडून न ठेवता प्रकाराच्या तक्त्यात एका रकान्याने सांगावे. दरांच्या बाबतीत तर ‘केव्हापासून लागू’ ही तारीख हवीच. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचे टप्पे बदलले; ज्यांनी कराचे आकडे थेट प्रोग्रॅममध्ये लिहिले होते त्यांना प्रोग्रॅम उघडावा लागला, ज्यांनी तारखेसह तक्त्यात ठेवले होते त्यांना नव्या ओळी भरून भागले.

याच्याच जोडीला एक उलट वाटणारा नियम आहे. पट्टी झाली की त्या दिवशी लागू असलेला हमालीचा दर पट्टीवरील खर्चाच्या ओळीत उतरवून ठेवावा, जरी तो दुसऱ्या तक्त्यात असला तरी. ‘एकच माहिती दोनदा ठेवू नये’ हे वाचून आलेले विद्यार्थी इथे अडखळतात. परंतु या दोन माहिती वेगळ्या आहेत: एक म्हणजे आजचा दर, आणि दुसरी म्हणजे त्या दिवशी कागदावर सही झालेला दर. दुसरा कधीही बदलता कामा नये.

आणि उचल. शेतकऱ्याने हंगामाआधी दुकानातून २५,००० रुपये उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली असेल तर ती पट्टीवर वजा दिसते, म्हणून तिला खर्चात टाकण्याचा मोह होतो. उचल हा खर्च नव्हे, ती शेतकऱ्याच्या खात्यावर नावे (डेबिट) पडते. पट्टीची रक्कम त्याच खात्यावर जमा (क्रेडिट) होते आणि शिल्लक खतावणीतून निघते. शिल्लकेचा आकडा वेगळा साठवून ठेवू नये. नोंदींच्या बेरजेतून तो दर वेळी काढावा. ज्याला नावे आणि जमा हे नीट कळत नाही त्याने भाषा शिकण्याआधी एखाद्या मुनीमाकडे किंवा वाणिज्य शाखेच्या मित्राकडे आठवडाभर बसावे, असे मी आग्रहाने सांगेन. संगणकशास्त्राच्या पदवीधरांना हे सुचवले की थोडे वाईट वाटते, पण त्याला इलाज नाही.

एसक्यूएल

तक्ते कागदावर पक्के झाले की ते साठवण्यासाठी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घ्यावा. ते मोफत आहे, रिचर्ड हिप यांनी २००० पासून विकसित केलेले आहे, त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही आणि सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. सोबत ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ हे मोफत साधन उतरवून घ्यावे, म्हणजे तक्ते डोळ्यांना दिसतात. एक गोष्ट मात्र लगेच करावी: एका तक्त्यातील क्रमांक दुसऱ्या तक्त्यात असलाच पाहिजे, ही तपासणी एसक्यूलाइट आपणहोऊन करत नाही. फॉरेन कीची ती तपासणी प्रत्येक जोडणीच्या वेळी सुरू करावी लागते, नाहीतर अस्तित्वात नसलेल्या शेतकऱ्याच्या नावे लॉट पडतो आणि कोणी तक्रारही करत नाही.

पहिले तीन-चार आठवडे फक्त प्रश्न विचारावेत, आणि तेही दिवाणजी जे विचारतील तेच. आज किती पोती आली? कोणाची बाकी महिन्यापेक्षा जुनी आहे? कोणत्या लॉटचा सौदा अजून झालेला नाही? यांतला शेवटचा प्रश्न लेफ्ट जॉइन, म्हणजे जोडीदार ओळ नसली तरी पहिल्या तक्त्याची ओळ राखणारी जोडणी, शिकवतो, कारण तिथे ‘नसलेली’ गोष्ट शोधायची असते. सिलेक्ट (निवड), व्हेअर (अट), जॉइन (तक्ते जोडणे), ग्रुप बाय (गट पाडणे), हॅविंग (गटावरची अट) एवढ्यांवर हात बसला की रोजचे बहुतेक अहवाल निघतात. नल, म्हणजे माहितीच नसलेली जागा, आणि शून्य यांतला फरक मात्र पहिल्याच आठवड्यात समजून घ्यावा: दर ठरलाच नाही आणि दर शून्य ठरला या दोन गोष्टी सरासरी काढताना वेगवेगळ्या वागतात.

एक सापळा इथे सविस्तर सांगतो, कारण त्याने भलेभले फसतात आणि प्रोग्रॅम कुठेही चूक दाखवत नाही. वरच्या लॉटला सौद्याच्या दोन ओळी आहेत. समजा खर्चाच्या तीन ओळी आहेत. एकाच प्रश्नात लॉटला सौदेही जोडले आणि खर्चही जोडले, तर दोन गुणिले तीन अशा सहा ओळी तयार होतात. सौद्याची प्रत्येक रक्कम तीनदा मोजली जाते आणि १,४३,९३६ च्या जागी बेरीज ४,३१,८०८ येते. खर्च दुप्पट दिसतो तो वेगळाच. उपाय म्हणजे सौद्यांची बेरीज लॉटनिहाय आधी वेगळी काढावी, खर्चाची वेगळी काढावी आणि मग त्या दोन बेरजा लॉटला जोडाव्यात. हे वाचून कळल्यासारखे वाटते, पण स्वतः सहा ओळी पडद्यावर पाहिल्याशिवाय पटत नाही. ते मुद्दाम करून पाहावे.

आता भाषा

एवढे झाल्यावर भाषेचा प्रश्न निम्मा सुटलेला असतो. सुरुवात करणाऱ्याने पायथन घ्यावी असे माझे मत आहे. ती १९९१ पासून आहे, वाचायला सोपी आहे, एसक्यूलाइटशी बोलण्याची सोय तिच्यासोबतच येते, आणि पुढे वेबवर जायचे तर जँगो किंवा फ्लास्क हे तयार सांगाडे हाताशी आहेत. दुकानात विंडोजच असेल, छपाई आणि कीबोर्डवरचा वेग हेच महत्त्वाचे असेल, तर सी शार्प अधिक सोयीची पडते. स्वस्त वेब होस्टिंगवर लहान संस्थेचे काम चालवायचे असेल तर पीएचपी आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस ही जोडी अजूनही वाईट नाही. जावा ही मोठ्या कंपनीत नोकरी करायची असेल तर शिकावी. एकट्याने एका दुकानाचे काम करण्यासाठी तिचा पसारा जास्त होतो. मुंबईत तयार झालेले ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाच्या हिशोबाचे मुक्त सॉफ्टवेअर पायथनवर आधारलेले आहे, आणि त्याचे तक्ते उघडून वाचणे हा स्वतंत्र अभ्यास होऊ शकतो.

भाषेतील काय शिकायचे, यालाही मर्यादा घालावी. चल, अटी, आवर्तन, फंक्शन, याद्या (लिस्ट) आणि शब्दकोश (डिक्शनरी), चुका हाताळणे, फाइल वाचणे-लिहिणे आणि डेटाबेसशी जोडणी एवढे पुरते. खेळ किंवा यंत्रशिक्षण यांकडे मन धावते. ते हंगाम संपल्यावर करावे. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागाल तो कोड लिहून देतात, आणि त्यांची मदत जरूर घ्यावी. मात्र वर सांगितलेला सहा ओळींचा सापळा त्या कोडमध्येही असू शकतो आणि तो ओळखण्याची जबाबदारी आपली असते.

व्यवसायाच्या कामात भाषेचे काही कोपरे विशेष जपावे लागतात. पहिला कोपरा पैशांचा. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर ती ०.३०००००००००००००००४ असे उत्तर देते, कारण संगणक दशांश अपूर्णांक दोनच्या घातांत साठवतो आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी आणि वजन किलोत किंवा ग्रॅममध्ये. हिशोब करताना पायथनमधील डेसिमल हा प्रकार वापरावा. याहून लपलेली गोष्ट म्हणजे राउंड हे साधे फंक्शन: ते २.५ चे २ करते आणि ३.५ चे ४, कारण नेमका अर्धा आला की ते जवळच्या सम संख्येकडे जाते. दिवाणजी अडीचचे तीन करतात. डेसिमलमध्ये अर्ध्याला वर नेण्याची पद्धत निवडता येते. ती निवडावी, आणि रक्कम पूर्ण रुपयांत करणे प्रत्येक सौद्यावर करायचे की पट्टीच्या शेवटी एकदाच, हे मालकाला विचारून लिहून ठेवावे.

दुसरा कोपरा मराठीचा. कऱ्हाड हे गावाचे नाव घ्या. त्यातील अर्धा ‘र’ दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप करता येतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका कीबोर्डवरून भरलेले गाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधले की सापडत नाही, आणि युनिकोडच्या, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीच्या, नेहमीच्या प्रमाणीकरणानेही हा फरक जात नाही; साठवण्याआधी आपणच एका रूपाचे दुसरे करून घ्यावे लागते. त्यातच कोणी कराड असेही लिहितो. सोपा मार्ग म्हणजे गावांचा वेगळा तक्ता करावा आणि गाव टाइप करू न देता यादीतून निवडायला लावावे.

मराठी आकड्यांचीही गंमत आहे. ‘१२५’ असे देवनागरीत भरलेले पायथन बिनतक्रार संख्या म्हणून ओळखते, पण तेच अक्षररूपात एसक्यूलाइटमध्ये गेले तर बेरजेत ते शून्य धरले जाते. म्हणून पडद्यावरून आलेला प्रत्येक आकडा साठवण्याआधी भाषेत संख्येत रूपांतरित करावा. तारीख वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने साठवावी. दाखवताना हवी तशी दाखवावी. आणि दुकानात आधीची माहिती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ती युनिकोडमध्ये आणण्यासाठी वेगळा वेळ धरावा, कारण तिथे अक्षरे साठवलेली नसतात, अक्षरांचे आकार साठवलेले असतात.

तिसरा कोपरा सुरक्षिततेचा. वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यात थेट चिकटवू नये. त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून किंमत वेगळी पाठवावी. असे न केल्यास कोणी वाईट हेतूने काही टाइप करण्याची वाट पाहावी लागत नाही, इंग्रजीत लिहिलेल्या डिसूझा या आडनावातील एका अवतरण चिन्हाने काम बंद पडते.

चौथा, वीज जाण्याचा. एक पट्टी साठवताना पट्टीची ओळ, खर्चाच्या ओळी आणि खतावणीतील नोंद अशा अनेक जागी लिहावे लागते. मध्येच वीज गेली तर पट्टी आहे पण खात्यावर जमा नाही, अशी स्थिती येऊ शकते. यासाठी ट्रान्झॅक्शन असते: सगळ्या नोंदी पडतील किंवा एकही पडणार नाही. पायथनमध्ये जोडणीसोबत विथ वापरले की हे दोन ओळींत जमते.

पडदा, छपाई आणि प्रत्यक्ष वापर

नोंदीचा पडदा करताना माउस बाजूला ठेवून पट्टी पूर्ण करता येते का, हे पाहावे. सौद्याच्या गर्दीत दिवाणजींचा एक हात फोनवर असतो. एंटर दाबला की पुढच्या रकान्यात जावे, आकड्यांसाठी भाषा बदलावी लागू नये, आणि शेतकऱ्याच्या नावाची दोन अक्षरे टाकताच गावासह यादी दिसावी. रंग आणि चित्रे यांवर वेळ घालवू नये.

छपाईसाठी कार्बन प्रतींचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर आधीच सावध व्हावे: अशा प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरांत साधारणपणे देवनागरी नसते, त्यामुळे मराठी मजकूर चित्र म्हणून छापावा लागतो आणि तो सावकाश निघतो. इंग्रजी पट्टी वेगाने आणि मराठी पट्टी हळू, यांतला निर्णय मालकाने घ्यावा. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरशी स्पर्धा करू नये. हिशोबनीस आणि सनदी लेखापाल तिच्यात रुळलेले असतात; दिवसअखेर आपल्या नोंदी तिला आयात करता येतील अशा फाइलमध्ये काढून दिल्या की दोघांचेही काम होते.

दुकानात दोन-तीन संगणकांवरून एकाच वेळी नोंदी होऊ लागल्या की एसक्यूलाइटची फाइल नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवून भागवू नये. एका वेळी एकच जण लिहू शकतो आणि अशा वापरात फाइल बिघडण्याचा धोका असतो. त्या टप्प्यावर पोस्टग्रेस या, अनेकांना एकाच वेळी लिहू देणाऱ्या सर्व्हर डेटाबेसकडे जावे. तक्ते नीट असतील तर हे स्थलांतर काही दिवसांचे काम असते.

बॅकअपबद्दल सांगलीत वेगळे पटवून द्यावे लागत नाही. कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांची आठवण इथल्या प्रत्येक दुकानदाराला आहे. संगणकाच्या शेजारच्या खणात ठेवलेला पेनड्राइव्ह त्याच पाण्यात जातो, म्हणून एक प्रत रोज दुकानाबाहेर, पुराच्या रेषेच्या वरच्या घरी किंवा इंटरनेटवरील साठ्यात पासवर्डने कुलूपबंद करून, गेली पाहिजे. डेटाबेसची फाइल वापरात असताना साधी कॉपी करू नये. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची सोय वापरावी. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून मागच्या आठवड्याची एखादी पट्टी काढून पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये.

सॉफ्टवेअर तयार झाल्यावर वही लगेच बंद करायला सांगू नये. काही आठवडे दोन्ही चालू द्यावे आणि रोज संध्याकाळी वहीची बेरीज आणि संगणकाची बेरीज ताडून पाहावी. फरक आला की पैशापर्यंत मागोवा घ्यावा. एक रुपयाचा फरक बहुधा पूर्णांक करण्याच्या पद्धतीतून येतो, पण कधी कधी त्याच्यामागे एकमेकांना झाकणाऱ्या दोन मोठ्या चुका निघतात. ताळा मिळालेल्या नोंदी बदलू किंवा पुसू देण्याऐवजी उलट नोंद करण्याची सोय द्यावी आणि ती कोणी, केव्हा केली हे साठवावे. पैशांच्या बोलणीत डेटा दुकानाचा आहे आणि तो कधीही साध्या फाइलमध्ये काढून मिळेल, हे लेखी द्यावे. यामुळे नव्या माणसावरही मालक विश्वास टाकतात.

रचना कितपत जमली हे दुसरे गिऱ्हाईक आल्यावर कळते. समजा तासगावच्या एका बेदाण्याच्या अडत्याने हेच सॉफ्टवेअर मागितले. तिथे माल बॉक्समध्ये येतो, दर क्विंटलऐवजी किलोवर बोलला जातो आणि शेतकऱ्याचा माल शीतगृहात पडून असतो, त्याची पावती असते आणि भाड्याचा हिशोब असतो. शीतगृहासाठी एक नवा तक्ता लागेल, खर्चाच्या प्रकारांत भाड्याची एक ओळ वाढेल, मालाच्या तक्त्यात दराचे एकक नोंदवावे लागेल. आवक, सौदा, पट्टी आणि खतावणी यांच्या मूळ मांडणीला हात लावावा लागू नये. लागलाच, तर पहिला दोष बहुधा आवकेच्या तक्त्यात सापडेल, जिथे ‘पोती’ नावाचा रकाना केलेला असेल. त्याच्या जागी ‘नग’ आणि ‘नगाचा प्रकार’ असे दोन रकाने करून कामाला सुरुवात करावी.